तोळाभराची गोळी

अगं, परवा फोन ठेवता ठेवता तू जे हळूच विचारलंस ना, ते ऐकून मी आधी उठून स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. आत आई भाकऱ्या थापत होती. गळ्यात तुळशीची माळ, ओठांत हरिपाठ, आणि तिच्यापासून दहा पावलांवर माझ्या कानात तुझा आवाज : “ताई, हरणासाठी काडतूस कुठलं घेऊ गं?”

“उद्या बोलू” म्हणून मी वेळ मारून नेली. आता सगळी निजली आहेत म्हणून लिहायला बसले. फोनवर हे बोलणं जमायचं नाही. आपल्या घराच्या भिंती किती पातळ आहेत ते तुला ठाऊक आहे, आणि तुझ्याकडे निवांतपणा मिळतो तेव्हा माझी शाळेची घंटा होते.

मी रागावलेले नाही, हे आधी सांगून टाकते. माळशिरसमधल्या कुणी हाच प्रश्न विचारला असता, तर मात्र त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं असतं. इथं त्याचं उत्तर तुरुंग. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात चिंकारा आणि काळवीट दोघंही पहिल्या अनुसूचीत आहेत. मारला तर तीन ते सात वर्षं. सलमान खानचं प्रकरण आठव. काळविटं मेली ऑक्टोबर १९९८मध्ये, जोधपूरच्या कोर्टानं पाच वर्षांची शिक्षा सुनावली एप्रिल २०१८मध्ये, आणि त्यानंतरही अपील आलंच. दोन काळविटांनी एवढ्या मोठ्या माणसाला वीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावल्या.

आणि गंमत म्हणजे आपण माळावर ज्यांना बिनदिक्कत हरणं म्हणतो, ती शास्त्रानं हरणंच नाहीत. चिंकारा, काळवीट यांची शिंगं जन्मभर डोक्यावर राहतात. खरी हरणं म्हणजे चितळ, सांबर, भेकर. त्यांच्या नरांची शिंगं गळतात आणि पुन्हा फुटतात. तुझ्या पेनसिल्व्हेनियातलं ते पांढऱ्या शेपटीचं जनावर अस्सल हरीण आहे. तेव्हा अस्सल हरीण आपल्या घरात पहिल्यांदा तूच बघतेयस म्हणायचं.

तिकडची रीत वेगळी आहे हे मला कळतं. १९००च्या सुमारास तिथली हरणं जवळजवळ संपवून टाकली होती. मग १९०६पासून दुसऱ्या राज्यांतून विकत आणून सोडली, जपली, आणि आता ती इतकी झाली आहेत की दरवर्षी किती मारायची याचा हिशोब सरकारच मांडतं. तू सांगत होतीस की थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी तुमच्या भागातल्या शाळा शिकारीसाठी बंद असतात. मला आपली पालखी आठवली. माउली नातेपुत्याहून माळशिरसला यायच्या दिवशी आपल्याकडे कुठलं पोर वर्गात बसतं? प्रत्येक गावाचं एक वेड असतं. वारीच्या वाटेवर वाढलेल्या मुलीनं बंदूक घेऊन रानात जावं की नाही, ते तू ठरव. तू तिशी ओलांडलीस. मी फक्त काडतुसाचं सांगते.

पण काडतुसाच्या आधी कागद. तू एच-४ व्हिसावर आहेस. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं तुझ्यासारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक जवळ बाळगायला मनाई आहे, आणि बंदुकीइतकीच काडतुसालाही. त्यातल्या थोड्या सवलतींपैकी एक म्हणजे तिथल्या राज्याचा चालू शिकार परवाना. म्हणजे क्रम असा : आधी शिकाऱ्यांचा तो सुरक्षेचा वर्ग, मग परवाना, तो हातात पडल्यावर दुकान. दुकानदार हसतमुखानं खोकं पुढं करेल, शेजारच्या आजी “अगं घे गं” म्हणतील, त्यांना कुणालाच तुझ्या पासपोर्टातला शिक्का दिसत नाही. जावईबापूंच्या कंपनीच्या वकिलाला एक मेल टाकून विचार. लाजू नकोस. एका खोक्यापायी ग्रीन कार्डाची रांग सोडावी लागली, तर मी तुला जन्मभर ऐकवीन.

आता त्या आजी. सत्तरीची बाई दरवर्षी एकटी रानात जाते, हे ऐकूनच मला त्या आवडल्या. त्यांनी तुला दोन रायफली दाखवल्या म्हणतेस : त्यांची स्वतःची .२४३, आणि त्यांच्या गेलेल्या नवऱ्याची .३०-०६. “हवी ती घे, काडतुसं तुझी तू आण.” आणि तू दुकानाच्या संकेतस्थळावर जाऊन गोंधळलीस. गोंधळणारच. त्या खोक्यांवर इतके आकडे असतात की आपल्या सातबाऱ्याची आठवण यावी.

मी काय बोलणार, मी जन्मात एकही जनावर मारलेलं नाही. पण कागदाच्या ठिपक्यावर बरीच वर्षं गोळ्या घातल्या आहेत, आणि काडतूस ही काय चीज आहे ते बालेवाडीच्या रेंजवर घासून घासून शिकले आहे. आपण सगळ्यालाच गोळी म्हणतो, पण गोळी म्हणजे फक्त पुढचं टोक. मागं पितळी कोठी, तिच्यात दारू, बुडाला टोपी. घोडा ओढला की आतली सुई टोपीवर बसते, दारू पेटते, गोळी नळीतून पुढं जाते, कोठी मागं राहते. आजोबांच्या बारा बोअरची रिकामी काडतुसं आपण बाहुल्यांच्या भातुकलीत पिंपं म्हणून मांडायचो, आठवतं? बुडाच्या पितळेवर ‘केएफ’ अशी इंग्रजी अक्षरं असायची. खडकीच्या कारखान्याची ती खूण. पुण्याच्या त्या कारखान्यात १८६९पासून काडतुसं बनतात.

रायफलीचं बारा बोअरसारखं नसतं. बारा बोअरमधून छर्रे पसरत जातात, रायफलीतून एकच गोळी फिरत फिरत जाते. तिचं वजन ‘ग्रेन’मध्ये लिहितात. हा ग्रेन म्हणजे कुणी परका नाही गं, आपल्या सोनाराच्या गुंजेच्या जेमतेम निम्म्याहून थोडा जास्त. इंग्रजांनी तोळा ठरवला तो बरोबर १८० ग्रेनचा. म्हणजे खोक्यावर १८० ग्रेन दिसलं की समज, आईच्या पाटलीतलं तोळाभर वजन. १५० ग्रेन म्हणजे दहा मासे. आणि १०० ग्रेन म्हणजे साडेसहा माशांच्या वर थोडंसं. मी ज्या पॉइंट टू-टू रायफलीनं स्पर्धा खेळले, तिची गोळी चाळीस ग्रेनची, पावणेतीन माशांच्याही आत, आणि आवाजाच्या वेगापेक्षा मुद्दाम थोडी हळू चालणारी. ती कागदाला पुरते. हरणाला ती घालायला तुझ्या राज्यातही बंदीच आहे, आणि ती बंदी मला पटते.

.३०-०६मधलं ‘०६’ म्हणजे १९०६ साल. मूळचं ते अमेरिकी लष्कराचं काडतूस. दीडशे ग्रेनची गोळी सेकंदाला पावणेनऊशे मीटरच्या आसपास वेगानं सोडतं. .२४३ त्या मानानं तरुण, १९५५चं. शंभर ग्रेनची गोळी, वेग तेवढाच किंवा थोडा जास्त, आणि खांद्याला बसणारा धक्का जवळजवळ निम्मा.

तुझ्यासाठी हा धक्काच महत्त्वाचा. दुकानातली पुरुषमंडळी तुला मोठ्याकडे ढकलतील. “मोठी गोळी घ्या ताई, हमखास पडतं.” हमखास काही पडत नाही. पहिल्याच दिवशी खांद्याला दणका बसला की माणसाचं अंग तो लक्षात ठेवतं, आणि पुढच्या वेळी घोडा ओढायच्या आधीच डोळा मिटतो, खांदा मागं सरतो. मी ऐन स्पर्धेत चांगल्या-चांगल्या पोरींचं असं होताना पाहिलंय, तेही पॉइंट टू-टूवर, जिला धक्का असा नसतोच. नुसत्या आवाजानं. तेव्हा आजींची .२४३ घे. मध्यम अंगाच्या मादीला ती भरपूर आहे, आणि त्या बाईनं ती इतकी वर्षं उगाच वापरली नसेल. कुणी “ही बायकांची रायफल” म्हणालं तर म्हणू दे.

आता गोळीची जात. इथं चूक करायची नाही. खोक्यावर फुल मेटल जॅकेट लिहिलेलं असेल तर ते हातातही घेऊ नकोस, कितीही स्वस्त मिळालं तरी. त्या गोळीला सगळीकडून कडक कवच असतं. ती अंगातून सुईसारखी आरपार जाते, भोक बारीक पडतं, जनावर पळतं आणि कोसांवर जाऊन कुठंतरी झुडपात तासन्‌तास मरत पडतं. शिकारीला मऊ टोकाची किंवा पोकळ टोकाची गोळी लागते, अंगात शिरल्यावर अळंबीसारखी उमलणारी. तुझ्या राज्यात उमलणारी गोळी वापरायचा नियमच आहे. या उमलणाऱ्या गोळीचं कूळ आपल्याच देशातलं बरं का. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात १८९०च्या दशकात ती इंग्रजांनी काढली, सरहद्दीवरच्या लढायांसाठी. १८९९मध्ये हेगच्या परिषदेत ठरलं की माणसांच्या युद्धात ती वापरायची नाही, फार क्रूर आहे म्हणून. जी गोळी सैनिकावर झाडणं क्रूर, तीच हरणावर न झाडणं क्रूर. मी यावर पुष्कळ विचार केला. सैनिक जखमी झाला तर त्याला उचलायला कुणीतरी येतं गं. हरणाला कोण येतंय?

इथं थांबून मला तुला एक आठवण करून द्यायचीय. तू दुसरीत होतीस, मी सातवीत. हरभरा घाट्यावर आला होता. आपण सकाळी दप्तरं पाठीला लावून बांधावरून चाललो होतो, आणि ज्वारीच्या कडेला ते बसलेलं दिसलं. तू म्हणालीस, “ताई, शेरडू.” चिंकारा होता. मागचा एक पाय मांडीपासून लोंबत होता आणि पोटाच्या कडेला चार-पाच काळी भोकं होती, त्यावर माशा. कुणीतरी रात्री गाडीच्या उजेडात छर्रे झाडले असणार. कोण ते कधी कळलं नाही. ते उठायचा प्रयत्न करायचं आणि पुढचे दोन पाय टेकून पुन्हा बसायचं. ओरडत नव्हतं. तू तुझ्या बाटलीतलं पाणी त्याच्यासमोर ओतलंस, ते मातीत जिरलं. आजोबांना बोलावलं. त्यांनी माणूस पाठवून वनखात्याला कळवलं. गार्ड येईपर्यंत ऊन कलायला लागलं होतं आणि ते संपलं होतं. आजोबांच्या घरात परवान्याची बारा बोअर होती. त्यांनी सकाळीच ती आणून त्याला सोडवलं असतं तर तो गुन्हा ठरला असता, आणि नाही आणली म्हणून ते दिवसभर त्याच्याजवळ बसून राहिले, टोपीनं माशा वारत. रात्री जेवले नाहीत. एवढंच म्हणाले, “मारायचं व्हतं तर मारायचं, ह्ये असं अर्धं का सोडलं?”

त्या आजोबांनी जन्मात दोनदाच रानडुकरावर बार काढला होता, आणि एरवी निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करून यायचे आणि मोकळे झाल्यासारखे झोपायचे. त्यांचं ते एक वाक्य मी तेव्हापासून बाळगून आहे. तू विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तरही तेच आहे. तुला हरीण मारायचंच असेल तर काडतूस असं निवड आणि नेम असा धर, की ते अर्धं सुटणार नाही.

म्हणून खोकं आणल्यावर एकदम रानात जायचं नाही. आधी रेंजवर. नळीलाही आवडनिवड असते. एकाच .२४३मध्ये एका कंपनीची गोळी शंभर यार्डांवर लिंबाएवढ्या वर्तुळात बसते आणि दुसऱ्या कंपनीची, तेवढ्याच वजनाची, ताटलीभर विखुरते. का ते नळीलाच माहीत. आमच्या खेळात तर हे वेडाच्या थराला जातं. पन्नास मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ असतं १०.४ मिलिमीटरचं, सदऱ्याच्या गुंडीएवढं. तेवढ्यात गोळी घालायची म्हणून मोठे खेळाडू आपली रायफल घेऊन इंग्लंड-जर्मनीतल्या काडतुसांच्या कारखान्यांत जातात, ती शिकंज्यात बांधतात आणि एकामागून एक लॉट झाडून बघतात. एकाच कंपनीचं एकच नाव, पण या महिन्याचा लॉट या नळीला मानवतो, पुढच्या महिन्याचा नाही. आपल्या कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१०मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, राधानगरीच्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे १ ऑगस्ट २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांवर कांस्य घेऊन आला, ते याच पन्नास मीटरच्या रायफलीवर. त्या पातळीवर नेमापाठोपाठ काडतुसाचाच लॉट येतो.

तुला एवढं नको. दोन-तीन कंपन्यांचं एकेक खोकं घे, खोक्यात साधारण वीस असतात. रायफल पोत्यावर टेकवून प्रत्येकाच्या तीन-तीन गोळ्या झाड, नळी मध्ये गार होऊ दे. जी जवळजवळ बसेल ती तुझी. मग दुर्बीण तिच्यावर जुळवून घे, आणि रानातही तीच न्यायची. जुळवताना एक आणि शिकारीला दुसरी, असं करायचं नाही. वजन बदललं, कंपनी बदलली, की गोळी पडायची जागा बदलते. आजींनी रायफल कधीकाळी जुळवली असेल ती त्यांच्या काडतुसावर, त्यांच्या डोळ्याला. त्यांना आधी विचार, त्या काय वापरतात. चांगली बसणारी असेल तर तेच खोकं आण आणि एवढी उठाठेव वाचव.

आणि एक भीतीची गोष्ट. नळीवर कोरलेलं नाव आणि काडतुसाच्या बुडावरचं नाव अक्षर-अक्षर जुळलं पाहिजे. दोन रायफली घरात आहेत म्हणजे दोन जातींची काडतुसं एकाच कपाटात असणार. गडबडीत कुणी एका खिशात दोन्ही टाकली तर घात होतो. चुकीचं काडतूस बसलं आणि घोडा ओढला गेला तर नळी फाटू शकते, आणि तुझा गाल तिच्यापासून वीतभर अंतरावर असतो. आजींकडून नेताना एकच जात बरोबर घे.

आता शिशाचं. हे तुला दुकानात कुणी सांगणार नाही, आणि तुझ्या घरात तीन वर्षांचं पोर आहे म्हणून मला सांगायलाच हवं. साधी शिकारीची गोळी म्हणजे वरून तांबं, आत शिसं. उमलताना शिशाचे बारीक कण मांसात उडतात, जखमेपासून बरेच लांब, डोळ्याला न दिसणारे. २००८मध्ये नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दान आलेल्या हरणाच्या मांसात शिसं सापडलं, तेव्हा आरोग्य खात्यानं ते वाटू नका म्हणून सांगितलं. जपानच्या होक्काइदोत शिकाऱ्यांनी टाकलेले हरणांचे अवशेष खाऊन समुद्री गरुड शिशानं मरायला लागले, म्हणून तिथं शिशाच्या गोळ्यांवर बंदी आली. कॅलिफोर्नियातही २०१९पासून सगळ्या शिकारीला शिसं बंद आहे. आम्हाला रेंजवर पहिला नियम काय होता माहीत आहे? हात धुतल्याशिवाय डब्याला शिवायचं नाही. नुसत्या कागदावर गोळ्या घालणाऱ्या पोरींना हा नियम, मग मांसात शिसं गेल्यावर काय?

तेव्हा निखळ तांब्याची गोळी बघ. १९८९पासून अशा गोळ्या बाजारात आहेत, आता जवळजवळ प्रत्येक कंपनी करते. महाग असते, पण तू किती झाडणार आहेस? तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून .२४३मध्ये तांब्याची गोळी शंभरऐवजी ऐंशी-पंच्याऐंशी ग्रेनची घ्यायची. ती उमलायला वेग लागतो, म्हणून लांबून मारायचा मोह नको. पोटात बाळ असताना किंवा लहान मुलाच्या ताटात शिशाच्या गोळीचं मांस नकोच, हे माझं मत आहे, आणि यात मी घासाघीस करणार नाही. तिकडच्या हरणांत एक मेंदूचा रोगही पसरतोय, पेनसिल्व्हेनियात तो २०१२पासून आहे. डोकं तपासणीला देता येतं. निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्येच राहू दे.

बाकी अंगावर नारिंगी जाकीट घालायचं, तो तिथला कायदाच आहे. हरणाला तो रंग नीट कळत नाही, माणसांना कळतो. आपल्या वाटेवरच्या पताकेसारखी लांबून दिसशील.

नेम कुठं धरायचा ते आजी दाखवतील, पण माझंही ऐक. हरीण आडवं उभं असताना पुढच्या पायाच्या लगेच मागं, अंगाच्या खालच्या तिसऱ्या हिश्शाशी. आत काळीज आणि फुप्फुसं असतात, त्यांचा घेर आईच्या भाकरीएवढा. रेंजवर तुझ्या सगळ्या गोळ्या, उभं राहून, बसून, धाप लागलेली असताना, त्या भाकरीएवढ्या कागदात पडतात का बघ. ज्या अंतरापर्यंत पडतात, तेवढंच तुझं अंतर. पन्नास यार्ड तर पन्नास. समोरून येत असेल, पाठ करून चाललं असेल, पळत असेल, मागं मातीचा उंचवटा नसून मोकळं आभाळ असेल, तर रायफल खाली घ्यायची. रायफलीची गोळी चुकली तर कोसाच्या पलीकडं जाऊन कुणाच्या तरी अंगणात पडते. आणि मारल्यावर लगेच धावत जायचं नाही, अर्धा तास थांबायचं, मग रक्ताच्या मागावर जायचं. सापडेपर्यंत शोधायचं. अंधार पडला, थंडी वाजली, पोरगं घरी वाट बघतंय, तरी. हे जमणार नसेल तर जाऊ नकोस.

मला प्रामाणिकपणे वाटतं काय, सांगू? तू जाशील, पहाटे चारला उठशील, आजींच्या शेजारी थर्मासातला चहा पीत दोन तास गारठशील, हरीण समोर येईल, आणि तू घोडा ओढणार नाहीस. ओढलास तरी माझ्या नजरेतून उतरणार नाहीस. पण नाही ओढलास, तर आजींना काय वाटेल याची लाज धरू नकोस. त्या वयाच्या बाईनं असली माणसं पाहिली असतील. मी स्वतः रायफल सोडली ती बाबांच्या दुखण्यामुळं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक नाही ते एवढंच की शेवटच्या वर्षी एकाने मला सहज विचारलं होतं, “मॅडम, एवढा नेम आहे, माळावर एखादं पाडत का नाही?” मी हसले आणि उत्तर दिलं नाही. त्या रात्री मला तुझी पाण्याची बाटली दिसत राहिली.

आईचं म्हणशील तर मी सांगणार नाही. तूही इतक्यात सांगू नकोस. ती काही बोलणार नाही, पण एकादशीला तुझ्या नावानं एक उपास वाढवेल, आणि तिचे गुडघे आता तेवढे धड नाहीत. पुढच्या आषाढीला तू येशील तेव्हा, पालखी पुढं वेळापूरकडं निघाल्यावर, घर शांत झालं की तुझं तू सांग.

परवाना आला की आधी मला कळव. आणि खोकं घेतलंस की खोक्याच्या झाकणाचा, एका काडतुसाच्या बुडाचा आणि नळीवरच्या अक्षरांचा, तिन्ही फोटो पाठव. माझ्या फोनवर पाठव, आपल्या घरच्या ग्रुपवर नको.